जमीन वाजवून कशी बघायची?

माझे थोरले मामा कोल्हापुरात उद्यमनगरातल्या एका फाउंड्रीत जन्मभर होते. शाळेच्या सुट्टीत त्यांच्याकडे गेलो की दुपारी त्यांचा डबा घेऊन जायचं काम माझं, आणि डबा देऊन लगेच परत यायचं हे मी हमखास विसरायचो. कारण त्या वेळी मामा माल तपासत असायचे. वाळू झाडलेलं कास्टिंग, म्हणजे साच्यात ओतून केलेला लोखंडी नग, साखळीला अडकवून अधांतरी धरायचं आणि हातोडीनं एकच टोला द्यायचा. चांगला नग देवळातल्या घंटेसारखा वाजायचा. टोला संपला तरी आवाज रेंगाळत राहायचा. आत चीर असली की नुसतं 'थप्प'. "फुटकं मडकं," एवढंच म्हणून मामा तो नग बाजूला सारायचे. बाहेरून दोन्ही नग सारखेच दिसायचे. निदान मला तरी कधी फरक दिसला नाही.

कुंभाराकडून माठ घेताना आपण बोटाच्या पेरानं टिचकी मारतो, तीच ही विद्या. फाउंड्रीत ती आता थोडी पुढे गेली आहे. एसजी आयर्न, म्हणजे गोळीदार ग्रॅफाइटचं बीड, ओतताना वितळलेल्या लोखंडात मॅग्नेशियम घालतात, म्हणजे आतलं ग्रॅफाइट पाकळ्यांसारखं न पसरता गोळ्यांसारखं जमतं. ते नीट जमलं की नाही हे बघायला नग कापायची गरज नसते. अल्ट्रासोनिक यंत्र लावून आवाज त्यातून किती वेगानं जातो ते मोजायचं. गोळ्या नीट जमल्या असतील तर वेग सेकंदाला साधारण ५,५०० मीटरच्या आसपास भरतो. पाकळ्या असतील तर बराच खाली येतो. वेगावरून पोटातली रचना ओळखायची ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा लेख तिच्यावरच उभा आहे.

आता कास्टिंगच्या जागी जमीन घ्या. पन्हाळ्याचा उतार, एखादं धरण, त्याच्या खालचा खडक किंवा जमिनीतलं पाणी. आत काय चाललंय हे खणून बघता येत नाही, आणि एकदा खणून भागतही नाही, कारण आपल्याला हवा असतो बदल. कालच्यापेक्षा आज काय वेगळं आहे? त्यासाठी रोज तोच टोला, त्याच जागी, तेवढ्याच जोरानं मारावा लागेल. एवढी मोठी हातोडी आणायची कुठून? सुरुंग लावून लहरी पाठवता येतात, तेल शोधणारे तेच करतात, पण ते खर्चिक आहे आणि गावाशेजारी रोज कोण लावू देणार? भूकंपाच्या लहरी फुकट मिळतात, पण भूकंप आपल्या सोयीनं होत नाही.

तोडगा असा निघाला की टोला मारायचाच नाही. जमीन आधीच थरथरते आहे, तीच थरथर वापरायची.

ही थरथर कसली? कोल्हापुरापासून सरळ रेषेत सुमारे शंभर किलोमीटरवर अरबी समुद्र आहे. समुद्रात विरुद्ध दिशांनी येणाऱ्या लाटा एकमेकींना भिडतात तेव्हा तळावर एक दाब पडतो, आणि तो खोल गेला तरी विरत नाही. या दाबामुळे तळ हलतो आणि ती हालचाल जमिनीतून दूरवर पसरते. लाटा दर बारा सेकंदांना एक येत असतील तर ही थरथर सहा सेकंदांना एक हेलकावा घेते, म्हणजे बरोबर निम्म्या अवधीत. हे गणित लाँगेट-हिगिन्स या इंग्रज गणितज्ञानं १९५० मध्ये मांडलं. थरथर इतकी बारीक असते की केसाच्या जाडीच्या अंशानं मोजावी. पावसाळ्यात समुद्र खवळला की ती वाढते. हिच्यावर माणसांचा गोंगाट चढतो: हायवेवरचे ट्रक, रेल्वे, कारखान्यांचे हॅमर, गळीत हंगामातले साखर कारखाने. हा भाग जलद कंपनांचा, सेकंदाला एकाहून जास्त. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये जगभरच्या भूकंपमापकांवर हा मानवी गोंगाट ठिकठिकाणी निम्म्यापर्यंत उतरलेला दिसला.

भूकंपशास्त्रज्ञ कितीतरी वर्षं याला कचराच समजत होते. भूकंपाची नोंद स्वच्छ दिसावी म्हणून यंत्रं शहरापासून लांब, खडकावर, शक्य तर बोअरमध्ये बसवायची, ते या गोंगाटाला कंटाळूनच.

कचऱ्यातून टोला कसा काढायचा, हे सांगायला मी विसर्जन मिरवणूक उदाहरणाला घेतो. आपल्याकडे त्यापेक्षा मोठा गोंगाट दुसरा नाही.

समजा महाद्वार रोडवर एका रेषेत १७० मीटर अंतरावर दोन घरं आहेत. दोन्ही घरांच्या गच्चीवर एकेक मोबाइल रेकॉर्डिंग करत ठेवला. मिरवणूक पापाच्या तिकटीच्या पुढे आहे, म्हणजे दोन्ही घरांच्या एकाच बाजूला. ढोलाचा ठोका आधी जवळच्या घरी ऐकू येईल आणि मग लांबच्या घरी. हवेत आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४० मीटर, म्हणून अर्ध्या सेकंदाचा फरक. घरी येऊन दोन्ही रेकॉर्डिंग एकमेकांवर ठेवा आणि एक हळूहळू सरकवत जा. बरोबर अर्धा सेकंद सरकवलं की दोन्ही अचानक जुळतील, ठोक्यावर ठोका बसेल. या सरकवून जुळवण्याला क्रॉस-कोरिलेशन म्हणतात. गंमत बघा: ढोल कोण वाजवत होतं, किती वाजता वाजवला, ताल कुठला होता, यातलं काहीही माहीत नसताना दोन घरांमध्ये आवाजाला किती वेळ लागतो ते आपल्याला कळलं. जणू पहिल्या घरी कोणीतरी टाळी वाजवली आणि दुसऱ्या घरी ती ऐकू आली.

इथे हुशार वाचक अडवेल. मिरवणूक एकाच जागी थोडीच असते? एक मंडळ गंगावेशीत, दुसरं बिंदू चौकात, तिसरं कुठल्यातरी गल्लीत. आवाज सगळीकडून येणार. बरोबर आहे, आणि खरी करामत त्यातच आहे. जे मंडळ दोन्ही घरांना सारख्याच अंतरावर आहे त्याचा ठोका दोन्हीकडे एकदमच पोचेल, फरक शून्य. जे तिरकं आहे त्याचा फरक शून्य आणि अर्धा सेकंद यांच्या मधे कुठेतरी. म्हणजे वेगवेगळे फरक एकात एक मिसळणार. पण आडव्या बाजूचं मंडळ दहा पावलं सरकलं तर त्याचा फरक चांगलाच बदलतो. रस्त्याच्या टोकाला, दोन घरांच्या रेषेत उभं असलेलं मंडळ मात्र दहा पावलं डावी-उजवीकडे झालं तरी फरक जवळजवळ तसाच, अर्ध्या सेकंदाचा राहतो. रात्रभराचं रेकॉर्डिंग एकत्र केलं की आडव्या-तिरक्या आवाजांचे फरक एकमेकांना खाऊन टाकतात. एका लहरीचा चढ दुसरीच्या उतारावर येतो आणि दोन्ही मिटतात. रेषेतल्या आवाजांचे चढ एकमेकांवर बसतात आणि उभे राहतात. शाळेत 'व्यतिकरण' शिकलो होतो ते हेच. म्हणून या पद्धतीला भूकंप-लहरींची व्यतिकरणमिती म्हणतात. नाव अवघड आहे, काम सरकवण्याचं आणि बेरजेचं आहे.

अट एकच: गोंगाट भरपूर दिशांनी आणि भरपूर वेळ हवा. एका तासाच्या नोंदीत चित्र धूसर असतं, महिन्याच्या नोंदीत स्वच्छ.

ही कल्पना पहिल्यांदा नीट मांडली ती १९६८ मध्ये जॉन क्लेरबाउट या अमेरिकन भूभौतिकतज्ज्ञानं, आडव्या थरांच्या जमिनीपुरती. पुढची पंचवीसएक वर्षं ती बहुतेक कागदावरच राहिली. मजा म्हणजे ती आधी रुजली सूर्यावर: १९९३ मध्ये सूर्याच्या पृष्ठभागावरच्या हेलकाव्यांची अशीच जुळवणी करून लहरींचे प्रवासाचे वेळ काढले गेले. २००१ मध्ये वीव्हर आणि लोबकिस यांनी ॲल्युमिनियमचा ठोकळा घेतला. बाहेरून काहीही न वाजवता, केवळ उष्णतेमुळे धातूत जी नैसर्गिक सळसळ असते तिच्यातून त्यांनी टोल्याचा आवाज काढून दाखवला. २००५ मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियाच्या जमिनीचा नकाशा फक्त महिनाभराच्या गोंगाटातून तयार झाला, एकाही भूकंपाची वाट न बघता. मामांना मी ॲल्युमिनियमच्या ठोकळ्याचं सांगितलं तेव्हा त्यांचा विश्वास बसला नव्हता. माझाही पहिल्यांदा बसला नव्हता.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. नकाशा झाला, बदल कसा कळणार?

एक यंत्र कोल्हापुरात आणि एक पन्हाळ्यावर बसवलं असं धरा. (माझं हे कागदावरचं यंत्र आहे, शोधायला जाऊ नका.) सरळ अंतर सुमारे १८ किलोमीटर. पृष्ठभागावरून जाणाऱ्या लहरीचा वेग सेकंदाला ३ किलोमीटर धरला तर तिला ६ सेकंद लागतील. जमिनीत काही बदल होऊन वेग ०.१ टक्क्यानं कमी झाला, तर ती ६ मिलिसेकंद उशिरा येईल. सहा सेकंदांना एक हेलकावा घेणाऱ्या लहरीत सहा मिलिसेकंदांचा फरक पकडणं म्हणजे रंकाळ्यात पडलेली टाचणी शोधणं.

इथे मामांचा रेंगाळणारा आवाज कामाला येतो.

थेट आलेली लहर पोचल्यानंतरही नोंद थांबत नाही. मागून कितीतरी वेळ बारीक, वेडीवाकडी कंपनं येतच राहतात. वाटेतल्या दगडधोंड्यांवर, भेगांवर, थरांच्या सीमांवर आपटून, उलटसुलट फिरून उशिरा पोचलेल्या या लहरी. यांना 'कोडा' म्हणतात. इटालियन भाषेत कोडा म्हणजे शेपटी. थेट लहर ही हायवेनं आलेला पाहुणा. शेपटी म्हणजे गल्लीबोळ हिंडून, चार ठिकाणी चहा पिऊन आलेला. थेट लहर सहा सेकंदांत आली, तर शेपटीतली एखादी लहर साठ सेकंद जमिनीतच भटकत होती. वेग ०.१ टक्क्यानं उतरला की तिला ६० मिलिसेकंद उशीर होणार. तोच बदल दहापट मोठा होऊन हातात येतो. शिवाय ती तोच प्रदेश पुन्हा पुन्हा तुडवून आलेली असते, त्यामुळे त्यातला बारीकसा फरकही तिच्यात साठत जातो.

मोजायची रीतही साधी आहे. महिनोन् महिन्यांची सरासरी नोंद ही मूळ प्रत. आजच्या नोंदीची शेपटी रबरासारखी किंचित ताणून किंवा आवळून मूळ प्रतीवर बसवायची. ०.१ टक्का आवळल्यावर बसली, म्हणजे आजची शेपटी तेवढी लांबली होती, म्हणजे जमिनीतला वेग तेवढा उतरला. शेपटीतली कुठली लहर कुठल्या दगडावर आपटून आली हे कुणालाही माहीत नसतं, आणि माहीत असायची गरजही पडत नाही. दगड जागेवर असले की झालं. या पद्धतीत मला सगळ्यात जास्त आवडतं ते हेच.

१९८४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या कॅलाव्हेरस प्रस्तरभंगावर (जमिनीतल्या मोठ्या भेगेवर), एकाच जागी झालेल्या जवळजवळ जुळ्या भूकंपांच्या शेपट्या जुळवून पुपिने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी असा बदल मोजला होता. २००२ मध्ये स्नीडर आणि सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेत ग्रॅनाइटचा नमुना तापवला. ४५ अंशांवरची आणि ५० अंशांवरची नोंद एकमेकांवर ठेवली तर सुरुवात तंतोतंत सारखी दिसते. शेपटीत मात्र फरक उघड दिसतो.

बांधकामाचे इंजिनिअर आता हेच काँक्रीटवर करतात. पुलाच्या तुळईत किंवा खांबात छोटे अल्ट्रासोनिक सेन्सर गाडून ठेवायचे आणि ठरावीक वेळानं शेपटी तपासायची. चांगल्या मांडणीत एक लाखात एक इतका वेगातला बदल पकडता येतो. काँक्रीटवर भार आला की बारीक भेगा मिटतात किंवा उघडतात आणि वेग हलतो. डोळ्यांना तडा दिसायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट.

जमिनीवरचे दाखले जास्त रंगतदार आहेत. २८ सप्टेंबर २००४ ला कॅलिफोर्नियातल्या पार्कफील्डला ६.० तीव्रतेचा भूकंप झाला. गोंगाटाच्या नोंदींत दिसलं की त्या दिवशी तिथल्या खडकातला वेग टक्क्याच्या दहाव्या भागाहूनही थोडा कमी इतका उतरला आणि मग मूळ जागी यायला त्यानं वर्षं घेतली. हाडाला मार बसल्यावर ठणका हळूहळू उतरतो, तसंच. हिंदी महासागरातल्या रीयुनियन बेटावरच्या पितों द ला फुर्नेझ ज्वालामुखीत उद्रेकाच्या आधी वेग ०.१ टक्क्याच्या आसपास उतरल्याचं २००८ मध्ये प्रसिद्ध झालं. आत वितळलेला खडक दाटतो, डोंगर फुगतो, भेगा उघडतात. इंडोनेशियात मेरापी ज्वालामुखीवर वेगाचे चढउतार बघताना कळलं की ते वितळलेल्या खडकापेक्षा पावसाशी जास्त जुळतात: पाणी मुरलं, भूजल वर आलं, वेग उतरला.

पाण्यानं वेग का उतरावा? आपल्याला वाटतं पोकळीत पाणी भरलं की जमीन घट्ट व्हावी. पण भेगांत शिरलेलं पाणी दोन्ही बाजूंना ढकलतं, त्यामुळे खडकाच्या कणांची एकमेकांवरची पकड सैलावते. आडव्या हेलकाव्याच्या लहरी या पकडीवरच चालतात, पाण्याचा त्यांना काही आधार नाही. म्हणून वेग कमी.

आता हे आपल्या पश्चिमेकडच्या डोंगरांना लावून बघा. वर जांभा, त्याखाली झिजून माती झालेला आणि मग घट्ट काळा दगड. पावसाळ्यात पाणी जांभ्यातून झिरपतं आणि घट्ट दगडाच्या डोक्यावर अडतं. वरचा थर भिजून जड होतो, पकड सुटते. पन्हाळ्याचा रस्ता पावसात खचल्याचं आपण पाहिलंय. ३० जुलै २०१४ च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातलं माळीण गाव दरडीखाली गेलं आणि दीडशेच्या वर माणसं गेली. स्वित्झर्लंडमध्ये पों बुर्कँ नावाच्या मातीच्या उतारावर दोन यंत्रं बसवलेली होती. ऑगस्ट २०१० मध्ये तो उतार घसरला. नोंदी तपासल्या तर घसरायच्या आधीच्या काही दिवसांत वेग ७ टक्क्यांनी उतरलेला होता. भूकंपानंतरचा टक्क्याचा दहावा भाग कुठे आणि हे सात टक्के कुठे. एका उतारावरून सगळ्या डोंगरांचा नियम होत नाही, आणि सह्याद्रीची दरड सपाट्यानं येते, चिकणमातीच्या उतारासारखी रांगत येत नाही. तरीसुद्धा पर्जन्यमापकाच्या जोडीला दोन-चार सेन्सर असावेत असं मला वाटतं. पाऊस किती पडला ते पर्जन्यमापक सांगतो. तो पाऊस डोंगरानं कसा सोसला ते सेन्सर सांगेल.

कोयना हा दुसरा विषय, आणि आमच्या घरात तो आजोबांच्या पिढीपासून चालत आलेला. ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. कोयनानगर कोल्हापूरपासून सरळ रेषेत नव्वदेक किलोमीटर. इथेही माणसं अंगणात धावली होती. धरणाच्या भिंतीच्या वरच्या भागाला आडव्या चिरा पडल्या आणि भिंत मागाहून मजबूत करावी लागली. जलाशयातल्या पाण्यामुळे चेतवलेल्या भूकंपांचं जगातलं हे सर्वांत गाजलेलं उदाहरण. पाणी चढतं-उतरतं तसे धक्के कमी-जास्त होतात, आणि हे अजून थांबलेलं नाही. म्हणूनच तिथे गोठणे इथं ३ किलोमीटर खोल बोअर घेतली गेली. कराडला त्यासाठी केंद्र सरकारची भूभौतिकी प्रयोगशाळा उभी आहे. बोअरमध्ये दिसलं की आपला काळा दगड सुमारे सव्वा किलोमीटरवरच संपतो आणि लगेच अतिप्राचीन ग्रॅनाइट लागतो. पाणी भेगांतून किती खोल उतरतं आणि किती दिवसांत, हा इथला कळीचा प्रश्न आहे. वेगातला रोजचा बदल मोजणारी ही पद्धत अशाच प्रश्नांसाठी जन्मली आहे.

खोलीचा हिशोब इथे सांगून टाकतो. लहर जितकी लांब तितकी ती खोल जाते. ढोबळमानानं तरंगलांबीचा तिसरा हिस्सा. सहा सेकंदांची समुद्री थरथर, वेग ३ किलोमीटर, म्हणजे तरंगलांबी १८ आणि पोच सहाएक किलोमीटर. ट्रकांची जलद थरथर वरच्या शे-दोनशे मीटरची बातमी आणते. दरडीला ट्रक, कोयनेला समुद्र.

मामांनी विचारलं होतं, "मग भूकंप आधी कळंल म्हण की." नाही कळणार. वेग बदलला एवढं समजतं. तो कशानं बदलला ते वेगळं शोधावं लागतं, आणि बदल नेमका कुठे झाला हे सांगणं त्याहून अवघड, कारण शेपटी सगळीकडे फिरून आलेली असते. फसायच्या जागाही आहेत. यंत्राचं घड्याळ काही मिलिसेकंद मागे पडलं तरी वाटेल की जमीनच बदलली. त्यावर एक छान पडताळा आहे. गोंगाट दोन्ही बाजूंनी येतो, त्यामुळे कोल्हापूर-पन्हाळा आणि पन्हाळा-कोल्हापूर अशा दोन्ही दिशांच्या नोंदी एकाच वेळी मिळतात. घड्याळ चुकलं असेल तर एका दिशेची लहर उशिरा आणि दुसऱ्या दिशेची लवकर आल्यासारखी दिसते. जमीन खरंच मंदावली असेल तर दोन्हीकडून उशीर.

घड्याळ जीपीएसवर लावून ठीक करता येतं. पाऊस आणि ऊन यांचं काय? उन्हाळ्यात वरचा थर तापतो, पावसाळ्यात भिजतो, आणि वेग वर्षभर झोक्यासारखा हलत राहतो. काँक्रीटमध्ये तर दिवस-रात्रीचा फरकसुद्धा दिसतो. या मोठ्या झोक्यात आपल्याला हवा असलेला बारीक बदल बुडून जातो.

हे मामांना सांगत होतो तेव्हा ते पहिल्यांदाच जोरात हसले. "गरम माल वाजवून काय कळतंय? गार हुंदे आधी, मग मार टोला." त्यांच्या फाउंड्रीत कोमट कास्टिंगवर हातोडी उचलणाऱ्या पोराला शिव्या पडायच्या. जमीन गार व्हायची वाट बघता येत नाही, म्हणून सेन्सरशेजारीच एक थर्मामीटर, एक पर्जन्यमापक आणि जमलं तर विहिरीची पाणीपातळी मोजणारं यंत्र बसवतात. दोन-तीन वर्षांच्या नोंदी जमू देतात, उन्हापावसाचा वाटा त्यातून वजा करतात आणि जे उरतं तेवढंच वाचतात.